दोन-बाराचा जोड

लोखंडाला रंग लावायचा नाही, असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा माझी साठी उलटली होती. सांगणारी पोरगी माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. शिल्पकार होती, अंधेरीहून यायची, आम्ही तिला मॅडम म्हणायचो. म्हणाली, "काका, गंज तसाच राहू दे. गंजच सुंदर दिसतो." बाई गं, गंज घासून घासून माझी नखं गेली, आणि तू आता सांगतेस सुंदर दिसतो! हे सगळं मनात. तोंडाने म्हटलं, "बरं." या वयात भांडायला दम लागतो, "बरं" म्हणायला लागत नाही.

काम असं होतं. भांडुपला एलबीएस रोडवर आमची कंपनी होती. टाक्या आणि बॉयलर बनवायची. मी तिथे सव्वीस वर्षं वेल्डर होतो. मग कंपनी बंद पडली. कशी पडली, कुणामुळे पडली, ते आता विचारू नका, सांगून सांगून कंटाळा आलाय. शेड कित्येक वर्षं तशीच उभी होती, आत पिंपळ उगवले होते. शेवटी बिल्डरने जागा घेतली, टॉवर उभे केले, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की समोरच्या चौकात कंपनीची आठवण म्हणून एक मोठं शिल्प उभं करावं, तेही कंपनीच्याच भंगारातून. आठवण आमची, पण आम्हाला कुणी विचारलं नाही. जाऊ द्या. मॅडमला ते भंगार जोडणारा माणूस हवा होता, आणि माझा ग्रिल-जिने बनवायचा गाळा तिथून हाकेच्या अंतरावर. ती चित्र घेऊन गाळ्यात आली.

चित्रात एक माणूस उकिडवा बसलेला होता. दोन मजली उंच. पाळी सुटल्यावर गेटाबाहेर माणसं बसतात ना, हात गुडघ्यांवर टाकून, कुठेच न बघता, तसा. मला ते चित्र बघून बरं वाटलं नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपला दमलेला चेहरा आपल्यालाच दाखवावा, तसं झालं. तरी काम घेतलं. आणि घेतलं ते एकाच कारणासाठी, ते आत्ताच सांगून टाकतो. मला दोन-बाराला पुन्हा एकदा कामावर घ्यायचं होतं.

दोन-बारा म्हणजे माझा जोडीदार. आमच्या कंपनीत नावाने कुणी कुणाला हाक मारत नसे. प्रत्येक वेल्डरला नंबर होता, आणि त्या नंबराचे पोलादी पंच. जोड मारून झाला, वरचा मळ चिपिंग हातोडीने पाडला, ब्रश मारला, की जोडाशेजारी आपला नंबर हातोडीने ठोकायचा. टण, टण, टण. ठोकला नाही तर काम झालंच नाही असं धरत. टाकीला पाण्याचा दाब देऊन तपासणी व्हायची. कुठे पाझर दिसला तर फोरमन वाकून नंबर वाचायचा आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असा ओरडायचा. मी एकशे चौदा. तो दोनशे बारा. त्याची आई वारली तेव्हा तिच्या दिवसालाही मी त्याला "ए दोन-बारा" म्हणून हाक मारली होती, आणि भटजींनी वर बघितलं होतं.

तो मालवणकडचा, मी चिपळूणचा. तोंडाने फटकळ, पण हात असा की बघत राहावं. जोड एकसारखा, दाट, मध्ये कुठे थरथर नाही. सगळ्या शेडमध्ये एक तोच होता ज्याच्या नंबरावरून फोरमन कधी ओरडला नव्हता. कंपनी बंद झाल्यावर त्याने कुणाच्या हाताखाली ग्रिलं बनवायला नकार दिला. दहिसरला एका टॉवरच्या गेटवर वॉचमन झाला. बारा-बारा तास खुर्चीत. मी मधूनमधून जायचो. खुर्चीत बसून तो गेटाचे जोड बघायचा आणि म्हणायचा, "कोणा मेल्यान मारल्यान हे? शेण थापल्यासारखे." त्याची बायको मला म्हणायची, भावोजी, ह्यांना काहीतरी काम द्या, हे घरात आले की भिंतीशी भांडतात. तर ते काम आता आलं होतं.

मी त्याला बोलवायला गेलो तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती मी लपवली. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. चहाचा कप त्याने मला देताना माझ्या हाताच्या बाजूला धरला. मी म्हटलं, ऑपरेशन करून घे आधी. तर म्हणे, "काम संपल्यावर. माका शिकव नको." मीही जास्त ताणलं नाही. मला वाटलं, त्याच्या हाताला डोळ्यांची गरजच काय? चूक इथूनच सुरू झाली, आणि ती माझी होती.

पहिले काही दिवस झकास गेले, खोटं कशाला बोलू. मॅडमने कागदावर माणूस चवड्यांवर बसवला होता, टाचा उचललेल्या. दोन-बारा चित्र डोळ्यांशी नेऊन बघत राहिला आणि खवळला. "असो बसलो तर धा मिंटात पडतलो. टाच जमनीक टेकाक व्हयी!" मॅडमला कळेना. तेव्हा हा गडी भर दुपारी, बिल्डरने कामासाठी घालून दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, भंगाराच्या ढिगासमोर उकिडवा बसला. "काढा आता." ती काढत राहिली. पाठ किती वाकते, कोपर गुडघ्याच्या कुठे टेकतं, सगळं. तासभर हा हलला नाही. मी म्हटलं, ऊठ रे, पाय मोडतील. तर म्हणे, "काम करताना बोलू नको." मॅडमने त्या दिवशी पूर्ण माप बदललं. तिचा मला राग यायचा, पण त्या दिवशी नाही आला. चुकलं तर चुकलं म्हणणारं माणूस होतं ते.

भंगारात काय नव्हतं! बॉयलरच्या वाकवलेल्या डिशा, क्रेनचा हूक, साखळ्या, रोलिंग मशीनचे गिअर. कापताना आमच्याच टाक्यांचे तुकडे निघायचे आणि त्यांवर नंबर. एकशे तीन. सत्तर. दोन-बारा अंगठा फिरवून वाचायचा आणि सांगायचा, हा गेला, हा गावी असतो, ह्याच्या मुलाने रिक्षा घेतली. मी ग्राइंडर चालू करायचो. अशाने काम होत नाही.

आणि मग मी बघितलं की तो नव्या जोडांवरही नंबर ठोकतोय. पंच त्याने इतकी वर्षं जपून ठेवले होते, चड्डीच्या नाडीने बांधलेल्या डबीत. मी म्हटलं, "अरे, हे शिल्प आहे. इथे कोण वाचणार?" त्याने वर न बघता म्हटलं, "जोड माझो, नंबर माझो." मग मलाही माझे पंच शोधावे लागले. पोटमाळ्यावर सापडले. मॅडमला ते इतकं आवडलं की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती ते दाखवायची. बिल्डरच्या साहेबाला दाखवलं, नगरसेवकाला दाखवलं. "प्रत्येक जोडाशेजारी तो करणाऱ्याचा नंबर आहे!" आम्हाला काही कळेना, यात एवढं कौतुक काय.

गुडघा सगळ्यात अवघड. डावा गुडघा म्हणजे रोलिंग मशीनचा मोठा गिअर, आणि तो बीडाचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड, तापट जात. त्याला साधा रॉड चालत नाही. निकेलचा रॉड लागतो, आधी तापवायचं, मग थोडं थोडं मारायचं, मग राखेत नाहीतर गोणपाटात गुंडाळून हळूहळू थंड होऊ द्यायचं. घाई केली की आज नाही तर उद्या तडकतं. दोन-बारा म्हणाला, "गुडघो माका दी." मी म्हटलं, मी करतो. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. म्हणजे माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत राहिला. माझा जीव तुटला. म्हटलं, घे.

निकेलचे रॉड मी वेगळ्या डब्यात ठेवले होते. डबे दोन, दोन्ही सारखेच बिस्किटाचे. रॉडच्या टोकाला रंग असतो त्यावरून कळतं. ज्याला दिसतं त्याला. मी त्या दिवशी मुलुंडला साखळी आणायला गेलो होतो. परत आलो तर गुडघा बसला होता, गोणपाटात गुंडाळला होता, आणि हा बाजूला बिडी ओढत होता. चेहरा असा की पोरगं पास झालंय. मी गोणपाट काढून जोड बघितला. देखणा होता. रॉड कुठला वापरलास, हे विचारणं माझं काम होतं. मी नाही विचारलं. त्या चेहऱ्याकडे बघून कसं विचारणार?

शिल्प उभं राहिलं. नारळ फुटला, भाषणं झाली, आम्हाला दोन शाली मिळाल्या. पोरंटोरं लगेच त्या गुडघ्यावर चढायला लागली. तिथून नडगीवरून घसरगुंडी करत खाली यायची. मॅडमला तेही आवडलं. आणि लगेच पुढचं काम ठरलं, घाटकोपरला, आणखी मोठं. दोन-बाराने वॉचमनची खुर्ची सोडली ती कायमची. त्याची बायको मला म्हणाली, "हे आता भिंतीशी भांडत नाहीत." मी सुखावलो. उगाच कशाला नाही म्हणू.

सहा-सात महिने गेले, घाटकोपरचं काम अजून सुरू व्हायचं होतं. मी महिन्यातून एकदा जाऊन नटबोल्ट बघायचो, तशी माझी सवय. एका संध्याकाळी डाव्या गुडघ्याखाली गंजाचा एक ओघळ दिसला, नवा, भगवा. बोटाने पुसला. मागे केसासारखी रेघ. जोडाच्या कडेने, वीतभर. शेजारी दोन, एक, दोन.

वर तीन पोरं बसली होती. "उतरा रे! उतरा खाली!" असा ओरडलो की एक पोरगी रडायलाच लागली. चौकातल्या वॉचमनला सांगून दोरी बांधून घेतली आणि बिल्डरच्या साहेबाला फोन लावला. साहेब इंजिनिअर, सरळ माणूस. म्हणाला, उद्या अकराला येतो. मग म्हणाला, "तिथे नंबर असेल ना? वाचून सांगा. ज्याचा असेल तो माणूस घाटकोपरला नको. वाईट वाटून घेऊ नका काका, पण लहान मुलं चढतात हो."

बरोबरच होतं त्याचं. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं. मी म्हटलं, "अंधार पडलाय साहेब, नीट दिसत नाही. उद्या बघू." आणि रस्त्यावरचा दिवा थेट त्या नंबरावर पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन चौकात गेलो. मॉर्निंग वॉकवाले होते, कुणी विचारलं नाही. हातात ग्राइंडर असला की माणसाला कुणी विचारत नाही. दोनशे बारा घासून काढला. चकचकीत डाग पडला, त्यावर पान टपरीचा चुना आणि माती चोळली. मग माझे पंच काढून एकशे चौदा ठोकला. चार-पाच मिनिटांचं काम. एवढी वर्षं फोरमनच्या भीतीने जो नंबर नीट ठोकला, तो त्या दिवशी वाकडा बसला. मला वाईट वाटलं का? नाही. उलट छाती फुगली होती. म्हटलं, दोस्ती म्हणतात ती ही. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अकराला साहेब आला, वाकून वाचलं. "तुमचा आहे, काका?" मी म्हटलं, "माझा. रॉड चुकला. वय झालं." त्याने चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तुम्ही स्वतःहून कळवलंत, म्हणून तुम्हाला काढत नाही. घाटकोपरला तुम्ही देखरेख करा. जोड मात्र सगळे त्या दुसऱ्या काकांना मारू दे. त्यांचा एकही खराब नाही."

आता घ्या! वाट लागली. ज्याला रॉडचं टोक दिसत नाही त्याच्या हातात सगळं काम. मनाशीच म्हटलं, याला गोडीगुलाबीने ऑपरेशनला नेतो, तोपर्यंत ढकलू.

दुपारी त्याच्या घरी गेलो. पेढे घेऊन गेलो होतो, काय म्हणावं मला. म्हटलं, "घाटकोपरला मेन वेल्डर तू. मी नुसता बघणार." त्याने पेढा हातात धरून ठेवला. "कित्याक?" म्हणाला. मी म्हटलं, गुडघ्याला चीर पडली, माझा जोड होता, साहेब माझ्यावर नाराज. त्याने पेढा ताटलीत परत ठेवला, चपला घातल्या आणि निघाला. मी मागून. "अरे ऐक तर!" ऐकेल तर ना.

चौकात पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. तो दोरीखालून आत शिरला, वाकला, आणि अंगठा जोडावर ठेवला. हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोळे मिटलेले. त्याला आपला जोड डोळ्यांनी बघायची गरज नव्हती, हे मला कळायला हवं होतं. मग अंगठा खाली आला, नंबरावर. तिथे खूप वेळ थांबला.

"माझो नंबर खंय गेलो?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी केलं रे. तुला काढलं असतं."

"तुका कोणी सांगल्यान?"

"सांगायला कशाला पाहिजे? इतकी वर्षं तुझ्या नंबरावरून कधी कुणी ओरडलं नाही. आता या वयात..."

"मगे आता ओरडले असते!" तो इतक्या जोरात म्हणाला की रस्त्यावरचे लोक थांबले. "चूक माझी, मगे नंबरय माझोच व्हयो. कंपनीन माका कागदावरसून काढल्यान. तू लोखंडावरसून काढलंस."

तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. मला वाटलं घरी जाईल. तो गेला साहेबाच्या ऑफिसात, तिथेच टॉवरखाली. मी बाहेर थांबलो, आत जायची माझी छाती झाली नाही. पाचेक मिनिटांनी आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांगलंय." आणि रिक्षा पकडून गेला.

घाटकोपरचं काम त्याला मिळालं नाही. मला मिळालं. साहेबाने मलाही काढायला हवं होतं, खोटं बोललो म्हणून. पण तो म्हणाला, का केलंत ते समजतं. समजतं म्हणे! त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मॅडम माझ्याशी बरेच दिवस तुटक बोलायची. गुडघा मीच परत मारला, जुना जोड कापून काढला, निकेलचा रॉड, तापवून, राखेत ठेवून. दोन दिवस लागले. दोन्ही दिवस तो आला नाही.

पाच महिने आमच्यात शब्द नव्हता. आमच्या हिने मध्यस्थी करून बघितली, त्याच्या बायकोने करून बघितली. मी घाटकोपरला जायचो, दिवसभर लोखंडाकडे बघायचो, संध्याकाळी घरी येऊन जेवायचो आणि झोपायचो. कुणी विचारलं काम कसं चाललंय, की म्हणायचो, चाललंय. कशात राम नव्हता.

मग कळलं, त्याने ऑपरेशन करून घेतलं. एका डोळ्याचं. मी गेलो. काळा चष्मा लावून खाटेवर बसला होता. बायकोने चहा ठेवला आणि मुद्दाम बाहेर गेली. बराच वेळ आम्ही दोघे टीव्ही बघत होतो. टीव्हीत काय होतं, देवाला ठाऊक.

मग तो म्हणाला, "गुडघ्याचो जोड कसो असा?"

"चांगला आहे. मी मारला. निकेलने."

"नंबर मारलंस?"

मी मान खाली घातली. "नाही."

"कित्याक?"

"हात होत नाही रे."

त्याने चष्मा काढला. तो डोळा लाल होता, पाणी येत होतं, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या चेहऱ्यावर नीट टेकला. म्हणाला, "मार. उद्या फुटलो तर विचारतले कोणाक?"

मी "बरं" म्हटलं. या गोष्टीला सहा महिने होऊन गेले. दोन वेळा पंच खिशात घालून चौकात गेलो, आणि दोन्ही वेळा गुडघ्यावर पोरं बसलेली बघून, ती उतरेपर्यंत थांबून, तसाच परत आलो. माझा जोड तिथे अजून बिननावाचा आहे, आणि त्याच्यावर रोज कुणाची तरी लेकरं बसतात.